जाईची झडप

आमच्या कुत्रीने, जाईने, सोसायटीतल्या मांजरीचे पिल्लू मारले, तेव्हा तिला इथून हलवावे असे म्हणणारे बरेच निघाले. त्याच जाईने आदल्या पावसाळ्यात एक घूस मारली होती, तेव्हा तिच्या पाठीवर थाप मारायला यांतलीच काही माणसे पुढे आली होती. या दोन प्रसंगांत जाईच्या बाजूने काहीही वेगळे घडले नव्हते. झडप तीच, मान धरून दिलेला हिसका तोच, आणि निपचित पडलेल्या जिवाला पंजाने हलवून पाहणेही तेच. वेगळे होते ते पाहणाऱ्यांचे मन. गेले कित्येक महिने मी या फरकाचा विचार करते आहे, कारण ज्या घरात शिकारी रक्ताचे कुत्रे असते त्या घराला कधी ना कधी या प्रश्नाला तोंड द्यावेच लागते: ज्याच्यावर आपण जीव टाकतो त्याने आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा जीव घेतला, तर त्या मायेचे पुढे काय करायचे?

आम्ही ठाण्यात पोखरण रस्ता क्रमांक २ च्या बाजूला एका जुन्या सोसायटीत राहतो. गच्चीवरून येऊरचा डोंगर दिसतो, आणि डोंगर एवढा जवळ असला की डोंगरातले बरेच काही आपल्यापर्यंत येते: मुंगूस, घोरपड, भारद्वाज, पावसाळ्यात साप आणि अधूनमधून बिबट्याच्या बातम्या. जाई मात्र मूळची इथली नव्हे. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या शेतावर ती जन्मली. आई कारवानी जातीची, बाप वस्तीवरचाच कोणी असावा. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकात ही लांब पायांची, निमुळत्या तोंडाची, खोल छातीची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सशांच्या शिकारीसाठी सांभाळली गेली. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला, आणि मुधोळ हाउंड या नावाने ही जात २००५ साली भारतीय टपाल तिकिटावरही आली. ही कुत्री वासापेक्षा नजरेने शिकार करतात. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर नजर तीक्ष्ण करणाऱ्या पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, त्यामुळे समोरच्या पटावर कुठल्याही कडेला काही हलले की ते त्यांना तत्काळ टिपता येते. जाईबरोबर चालताना याचा प्रत्यय रोज येतो. मला रस्ता रिकामा दिसत असतो आणि तिची मान मात्र ताठ झालेली असते. मी तिच्या नजरेच्या रेषेत बराच वेळ पाहत राहते, तेव्हा कुठे कुंपणाच्या पायथ्याशी बसलेली खार मला दिसते.

घरातली जाई कशी आहे हेही सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे एकांगी होईल. कुकरची शिट्टी झाली की ती पलंगाखाली जाते. दिवाळीचे फटाके सुरू झाले की सासूबाईंच्या पायांवर हनुवटी ठेवून रात्र काढते, आणि सासूबाईही पाय न हलवता तशाच पडून राहतात. लहान भाचीने कान ओढला तर ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसते; आजवर तिने माणसावर दात दाखवलेला मी पाहिलेला नाही.

घुशीची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. गटाराच्या झाकणाजवळून एक मोठी घूस निघाली, जाईने ती धरली, आणि मी तोंडातून शब्द काढण्याआधी ती मेलेली होती. वॉचमनने 'शाब्बास' म्हटले, गाडीच्या वायरी कुरतडल्या गेलेल्या एका शेजाऱ्यांनी समाधान व्यक्त केले, आणि जाई सोसायटीची लाडकी झाली. मला त्या घुशीचे वाईट वाटले असे मी म्हणणार नाही. काळजी वाटली ती जाईची, कारण उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि कोणी विष टाकलेले असेल तर ते खाऊन मेलेली घूस खाल्ल्यावर कुत्र्यालाही विषबाधा होते. मी तिचे लसीकरणाचे कार्ड काढून तारीख पाहिली, आणि विषय तिथेच संपला.

पिल्लाची गोष्ट गणपतीनंतरची. आमच्या इमारतीखाली स्टिल्ट पार्किंग आहे, आणि तिथल्या मांजरांना तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज सकाळी बोंबील कालवलेला भात घालतात. जाईचा पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळलेला होता, जेमतेम दोन हात मोकळा. एका गाडीच्या पुढच्या चाकाआडून पांढरे, काळ्या शेपटीचे पिल्लू बाहेर आले. त्याची चाल अजून डळमळीत होती. कुत्रे दिसताच ते वळून पळाले, आणि पळणे हेच त्याला भोवले. जाई गुरगुरली नाही, भुंकली नाही, तिच्या पाठीवरचे केसही उभे राहिले नाहीत. तिचे डोके खाली गेले, मान पुढे आली, एक पाय हवेतच राहिला, आणि त्यानंतर माझ्या मनगटाला बसलेला हिसका आणि तिच्या तोंडाबाहेर लोंबणारी ती काळी शेपटी यांच्यामध्ये काही काळ गेला असेल असे मला आठवत नाही. तिने मान दोनदा झटकली. मी दाढांच्या मागे बोटे घालून तिचा जबडा उघडला तेव्हा पिल्लू माझ्या तळहातावर पडले. ते गरम होते आणि त्याची मान कुठल्याही बाजूला वळत होती. जाई शेपूट हलवत माझ्या हाताकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि तृप्तीही नव्हती. चेंडू माझ्या हातात असताना ती जशी पाहते तशीच ती पाहत होती, हे आता पुन्हा हलेल या अपेक्षेने. आजी हातात भाताचे पातेले घेऊन चार पावलांवर उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी जाईने नेहमीप्रमाणे माझ्या मांडीवर तोंड ठेवले आणि मी उठून आत गेले. राग होता, पण रागापेक्षा शिसारी जास्त होती, आणि आपल्याला आपल्याच कुत्रीची शिसारी यावी या जाणिवेने आलेले दुःख त्याहून जास्त होते. तिच्या तोंडाकडे पाहिले की मला ती वळणारी मान आठवत असे. मला वाटे की तिने निदान खजील तरी व्हावे. तिने तसे व्हावे ही माझी गरज होती. तिच्या लेखी काही बिघडलेलेच नव्हते. कुत्र्यांच्या मनोव्यापारांच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात असे दिसून आले की कुत्र्याचा तो सुप्रसिद्ध 'अपराधी' चेहरा त्याने काय केले यावर अवलंबून नसतो, तर मालक त्याच्यावर रागावतो की नाही यावर असतो. काहीही न केलेले कुत्रेसुद्धा रागावल्यावर तसाच चेहरा करते. म्हणजे मी जाईला दटावले असते तर तिने मान खाली घातली असती, आणि तिला पश्चात्ताप झाला असे मानून मी माझे समाधान करून घेतले असते. ते समाधान खोटे ठरले असते, आणि पुढच्या पिल्लाला त्याचा काही उपयोगही झाला नसता.

सल्ले तर दुसऱ्या दिवसापासूनच सुरू झाले. तिला आता रक्ताची चटक लागली, हे वाक्य मी लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी आणि फोनवर इतक्यांदा ऐकले की काही काळ मलाही ते खरे वाटू लागले. रक्ताशी त्याचा फारसा संबंध नाही. कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक शिकारीकडे एकसंध कृती म्हणून पाहत नाहीत. नजर रोखणे, दबा धरून सरकणे, पाठलाग करणे, पकडीचा चावा, मारण्याचा चावा, फाडणे आणि खाणे असा तो क्रम असतो, आणि त्यातली प्रत्येक पायरी स्वतःच एक आनंद असते. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने हे मांडले की माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी कुत्र्यांच्या जाती घडवल्या तेव्हा त्याने याच पायऱ्यांपैकी काही ठळक केल्या आणि काही पुसट केल्या. बॉर्डर कॉली मेंढ्यांवर नजर रोखते, दबकत सरकते, त्यांना वळवते, पण तिने चावा घेणे अपेक्षित नसते. रिट्रीव्हर पाडलेले बदक न चिरडता उचलून आणतो. टेरियर बिळातला उंदीर मारण्यासाठी निवडला गेला, म्हणून तो मारण्याच्या चाव्यापर्यंत थेट जातो. आणि जाईच्या आईकडच्या पूर्वजांना आपल्याच मुलखातल्या माणसांनी माळरानावर सशामागे सोडले, ज्यांनी ससा आणला त्यांची पिल्ले ठेवली आणि ज्यांनी आणला नाही त्यांची ठेवली नाहीत. पार्किंगमध्ये त्या सकाळी जे घडले ते या निवडीचे फळ होते. चटक लागली असेलच तर ती पाठलाग यशस्वी होण्याची, आणि म्हणून खबरदारी घ्यायची ती पाठलागालाच आवर घालण्याची. रक्त दिसू न देण्याची नव्हे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आधार दिला तो एका जुन्या शास्त्रीय निरीक्षणाने. मांजरांवर झालेल्या प्रयोगांत मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा एक भाग उत्तेजित केला की मांजर फिस्कारत, केस पिंजारून हल्ला करीत असे; दुसरा भाग उत्तेजित केला की ते अगदी शांतपणे, आवाज न करता उंदरावर झडप घालीत असे. भावनांच्या मेंदूविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, याक पांकसेप, यांनी या शांत झडपेची गणना रागाच्या यंत्रणेत केली नाही. शोध, उत्सुकता आणि ओढ यांच्या यंत्रणेत केली. जाई भुंकली नव्हती, तिचे केस उभे राहिले नव्हते, तिची शेपटी हलत होती, हे मला आठवत होते आणि तेच मला भयानक वाटत होते, कारण माणसाने हसतमुखाने मारणे हे आपल्याला क्रौर्याचे टोक वाटते. माणसाचे ते माप मी तिला लावत होते. तिच्या मनात त्या पिल्लाबद्दल काहीही वाईट नव्हते, हे समजल्यावर पिल्लाचे मरण तसूभरही हलके झाले नाही, पण रात्री तिच्या शेजारून जाताना माझे पाऊल अडखळायचे थांबले.

हीच गोष्ट मला सोसायटीच्या बैठकीत उपयोगी पडली. 'आज मांजर, उद्या लहान मूल', असे एका सभासदाने म्हटले, आणि ते म्हणणे मी उडवून लावले नाही, कारण ज्यांच्या घरी रांगते बाळ आहे त्यांना भीती वाटणे स्वाभाविक आहे. लहान प्राण्याची शिकार करणे आणि माणसावर चिडून धावून जाणे या वेगवेगळ्या प्रवृत्ती आहेत, एकीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही, हे मी सांगितले. त्याच वेळी कुठलेही कुत्रे, कितीही गुणी असले तरी, तान्ह्या बाळापाशी एकटे सोडू नये, आणि जाई तर मुळीच सोडली जाणार नाही, हेही सांगितले. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राणी ठेवायला बंदी करता येत नाही, हे मला ठाऊक होते. ते मी बोलले नाही. कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून ज्यांचे पिल्लू मेले त्यांच्यासमोर तो काढून दाखवावा, असे मला वाटले नाही.

सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते. त्या म्हणाल्या, 'जीवो जीवस्य जीवनम्. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस.' मला धीर यावा म्हणून त्या तसे म्हणाल्या, आणि येऊरच्या डोंगराकडे पाहिले की ते वचन किती खरे आहे ते पटतेही. येऊर ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे. त्याच्या कडेने एवढे मोठे शहर, आणि तरी तिथे बिबटे टिकून आहेत, याचे एक कारण म्हणजे वस्तीच्या कडेला फिरणारी कुत्री. तिथल्या बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात कुत्र्यांचा वाटा ठळकपणे दिसला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या ठाणे शहराच्या मध्यवस्तीत, थेट एका मॉलच्या आवारात येऊन पोहोचला, तेव्हा त्याला बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढेपर्यंत सगळ्या ठाण्याचा जीव टांगणीला लागला होता. बिबट्याने कुत्रे नेले तर आपण हळहळतो, पण त्याला दोष देत नाही. मात्र बिबट्याला ते पोटासाठी करावे लागते, आणि जाईची थाळी मी दोन वेळा भरते. तिची शिकार कुणाच्या जगण्याची गरज राहिलेली नाही. तिच्या अंगात ती उरलेली आहे एवढेच. रानात वाघ-बिबट्यांची संख्या भक्ष्याच्या संख्येने आपोआप मर्यादित राहते. कुत्र्याला आपण पोसतो, त्यामुळे त्याच्यावर तशी कुठली मर्यादा उरत नाही, आणि म्हणून ते वचन त्याला लागू करून मोकळे होणे मला जमले नाही.

हे मला जमले नाही याला कारण घूस आणि पिल्लू यांच्या मध्ये, उन्हाळ्यात घडलेला एक प्रसंग, जो सोसायटीत कोणालाच माहीत नाही. आमच्या मागे एक मोकळा भूखंड आहे. पत्रे ठोकलेले, पण एका बाजूने उघडे. तिथे दरवर्षी टिटवी जमिनीवरच अंडी घालते. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, असे सासूबाई सांगतात, आणि त्या निमित्ताने आम्ही दरवर्षी ती जागा लांबून पाहून ठेवतो. त्या दिवशी आम्ही कडेच्या पायवाटेने चाललो होतो, टिटव्यांचे जोडपे नेहमीपेक्षा दूर ओरडत होते, आणि जाईने पायाशीच असलेल्या खडीत तोंड घातले. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच चालू लागतात, आणि धोका दिसला की पळत नाहीत, जमिनीला चिकटून निश्चल होतात; त्यांचा रंग खडीत इतका मिसळतो की माणसाचा पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. नजरेपासून वाचण्यासाठी लाखो वर्षांत घडलेली ही युक्ती नाकापुढे लंगडी पडते. मी जाईच्या तोंडातून ते काढले तेव्हा ते जिवंत होते. पंखाखाली दोन बारीक छिद्रे, बाकी काही नाही, आणि डोळे टक्क उघडे.

मी त्याला हवेची भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवले, पाणी पाजण्याचा मोह टाळला आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. आलेल्या स्वयंसेवकाने खोके घेताना मला स्पष्ट सांगितले की कुत्र्याच्या चाव्यात वरून दिसते ती जखम थोडी असते. जबड्याच्या दाबाने आतले अवयव आणि बरगड्या चेपलेल्या असतात, आणि त्याखेरीज नुसत्या धसक्यानेही असे जीव तासाभरात जातात. संध्याकाळी ते गेल्याचा निरोप आला. पार्किंगमधल्या पिल्लासाठी सोसायटीची बैठक बसली, घुशीसाठी शाबासकी मिळाली, आणि या पिल्लासाठी दोन पक्षी त्या भूखंडावर अंधार पडेपर्यंत ओरडत राहिले. त्यांचा आवाज आमच्या इमारतीत सगळ्यांना ऐकू जात होता, आणि कोणी खिडकी लावून घेतली तर ती अपशकुन नको म्हणून. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्यात शिकारीची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. हा कायदा अर्थातच कुत्र्याला उद्देशून लिहिलेला नाही. तो दोरी धरणाऱ्याला उद्देशून आहे, आणि मला वाटते की मांजर असो वा टिटवी, आणि खरे तर घूससुद्धा, दुःख कोणाचे किती करायचे याचा निवाडा मन आपल्या आवडीनिवडीने करणारच, पण जबाबदारीचा निवाडा तसा करून चालणार नाही.

म्हणून पुढे जे केले ते तिन्ही जिवांना धरून केले. जाईसाठी जाळीचे मुसके आणले. माप घेताना तोंड मिटलेले नव्हे तर पूर्ण उघडलेले धरायचे, कारण कुत्र्याला घाम माणसासारखा येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करते, आणि ठाण्याच्या दमट हवेत तोंड आवळून बांधणारे कापडी मुसके जिवावर बेतू शकते. सुरुवातीला मुसक्याच्या तळाशी पनीरचा तुकडा ठेवून तिला आपण होऊन तोंड आत घालू दिले. आता मुसके हातात घेतले की ती स्वतः पुढे येते. ते घातलेले कुत्रे पाहून लोक बिचकतात आणि कुत्रे चावरे असणार असे धरून चालतात, त्याचे मला थोडे वाईट वाटते, पण ते सोसण्यासारखे आहे. मार्च ते ऑगस्ट आम्ही भूखंडाच्या बाजूने जातच नाही. जिथे मोकळे जायचे तिथे गळ्यातला पट्टा न वापरता छातीपट्ट्याला लांब दोरी लावतो, म्हणजे तिने उसळी घेतली तरी मानेला झटका बसत नाही. विजेचा झटका देणारा पट्टा एकाने सुचवला होता; तो मी नाकारला, कारण ज्या कृतीतच आनंद आहे ती वेदनेने फार तर दबते, आणि ती वेदना कुत्रे समोर दिसणाऱ्या मुलाशी किंवा माणसाशी जोडू शकते.

आणि दाबून टाकण्याइतकेच महत्त्वाचे, किंबहुना जास्तच, म्हणजे त्या ओढीला दुसरी वाट देणे. रोज संध्याकाळी गच्चीवर मी काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला चिंधी बांधून ती जमिनीवरून वेडीवाकडी फिरवते. मी सांगेपर्यंत थांबायचे, सांगितल्यावर धावायचे, पकडायचे, वाटेल तेवढे झटकायचे, आणि शब्द कानावर पडला की सोडायचे, असा तो खेळ आहे. तीच रोखलेली नजर, तोच हवेत राहिलेला पाय. पहिल्यांदा तिला चिंधी झटकताना पाहिले तेव्हा माझ्या पोटात ढवळून आले होते. आता मी तिच्या त्या चपळाईकडे कौतुकाने पाहू शकते, आणि पार्किंगमध्ये तीच चपळाई काय करू शकते हे त्याच क्षणी मनात असते. दोन्ही एकदम मनात वागवायची सवय होते. तिची ओढ मात्र गेलेली नाही आणि जाणार नाही. नसबंदीनेही ती जात नाही, आणि वयाने ती मंदावली तरी मी मुसके काढणार नाही.

तिला परत लातूरला पाठवा, तिथे तिला मोकळे रान मिळेल आणि कोणाची तक्रारही नसेल, असे घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी सुचवले. त्यात प्रेम होते. पण तिथे ससे आहेत, माळरानावर टिटव्या आहेत, चंडोल आहेत, आणि तक्रार करणारे कोणी नाही म्हणजे मरणारे कोणी नाही असे होत नाही. इथे निदान दोरीचे दुसरे टोक माझ्या हातात असते.

आजींकडे मी त्याच रात्री गेले होते, जाईला न घेता. दार त्यांनी उघडले पण आत या म्हटले नाही. पिल्लू त्यांनी तोवर मागच्या बाजूला पारिजातकाखाली पुरले होते. माझ्याकडे सांगायला बरेच होते, कारवानी जात, दोरीची लांबी, क्षणभरात घडले ते; त्यातले मी काही सांगितले नाही, फक्त 'आजी, तुमचं पिल्लू गेलं, मला फार वाईट वाटतंय', एवढेच म्हणाले. त्या म्हणाल्या, 'तुझा काही राग नाही गं. पण तिला काही दिवस माझ्यासमोर आणू नकोस. मला ती बघवणार नाही.' मी ते तंतोतंत पाळले. आम्ही जिन्याने उतरू लागलो, त्यांच्या भात घालण्याच्या वेळेच्या आधीच फिरून येऊ लागलो. शेवटी एके दिवशी त्यांनीच इंटरकॉमवर फोन करून सांगितले की आता मांजरांना वर घेतलेय, तू खाली जाऊ शकतेस, आणि तेव्हापासून हा रोजचा प्रघात झाला आहे: त्या फोन करतात, मग जाई उतरते.

पिल्लाची आई पुन्हा गाभण राहू नये हा विषयही त्यांनीच काढला. मांजर सहा महिन्यांच्या आतच माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा वितेसुद्धा. म्हणजे पार्किंगमध्ये डळमळत चालणारी पिल्ले कायमच असणार, आणि ती जाईच्या नाहीतर गाडीच्या तोंडी जाणार. आजींना माझ्याबरोबर रिक्षात बसून पिंजरा मांडीवर धरून दवाखान्यात यायचे होते, आणि वाटभर त्या त्या मांजरीशी बोलत होत्या, माझ्याशी फारसे नाही. नसबंदीचा खर्च मी करते, मांजरे पकडणे त्यांच्याकडे, कारण त्यांच्याशिवाय ती कोणाच्या हाताला लागत नाहीत. दोन झाल्या. तिसरी बाजूच्या विंगमध्ये जिन्याखाली विते आणि अत्यंत सावध आहे. बोंबील ठेवूनही ती पिंजऱ्यात शिरत नाही, म्हणून या रविवारी आजी कोळंबी आणणार आहेत.